कटआउट: सायलेन्सरमधल्या झडपेचा सव्वाशे वर्षांचा प्रवास

भारतीय रस्त्यावर वाहन चालवणाऱ्याने काय करू नये, याचे नियम केंद्र सरकारने १९८९ साली नव्याने घालून दिले. २०१७ पर्यंत लागू असलेल्या या नियमांतला २१ वा नियम आवाजाविषयी होता. विनाकारण हॉर्न वाजवू नये, शांतता क्षेत्रात तो मुळीच वाजवू नये, कर्कश बहुसुरी हॉर्न लावू नये, अशी ओळखीची कलमे त्यात होती. त्यांच्यामध्येच एक अनोळखी कलम बसलेले होते. इंजिनातले जळके वायू सायलेन्सरला वगळून बाहेर सोडणारा ‘कटआउट’ चालकाने वापरू नये, असे ते सांगत होते.

१९८९ च्या रस्त्यावर ॲम्बेसेडर होती, प्रीमियर पद्मिनी होती, सहा वर्षांची मारुती ८०० होती. यांपैकी एकीतही कारखान्याने कटआउट बसवलेला नव्हता. मराठी माणसाला तर कटआउट म्हटले की चौकातला नेत्यांचा वीस फुटी पुतळाच आठवतो. मग ज्या वस्तूचे नावही लोक विसरले होते, तिला मनाई कशासाठी? वाहनविषयक कायदे बरेचदा जुन्या कायद्यांवरून उतरवले जातात आणि जुन्या कायद्यांतले शत्रूही त्यांच्यासोबत नव्या पानावर येतात. कटआउट हा असाच एक शत्रू होता, पहिल्या महायुद्धाच्याही आधीचा.

गंमत अशी की कायद्याने ज्याची आठवण निष्कारण जपली असे वाटत होते, ते यंत्र परत आले. आता त्याला ‘व्हॉल्व्ह एक्झॉस्ट’ म्हणतात आणि ते रिमोटने चालते.

ते कुठे ऐकू येते, हे पाहायचे तर पुणे-सातारा रस्त्यावरचे सारोळे हे गाव सोयीचे आहे. भोर तालुक्यातले हे गाव नीरेच्या उत्तर तीरावर आहे. पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो आणि शिरवळ येते. इतिहासप्रेमींना हा काठ सुभानमंगळच्या गढीमुळे परिचित असतो. १६४८ साली फत्तेखानाच्या स्वारीत ही गढी आदिलशाही फौजेने घेतली आणि कावजी मल्हार यांनी ती परत जिंकली. आज त्याच काठावरून राष्ट्रीय महामार्ग ४८, म्हणजे लोकांच्या तोंडचा जुना ‘चार नंबर’, पुणे आणि बंगळूर यांना जोडत जातो. शनिवारी-रविवारी पहाटे पाचगणी, महाबळेश्वर, कास आणि कोल्हापूर गाठायला निघालेली पुण्याची वाहने याच पुलावरून दक्षिणेकडे जातात. त्यांतल्या काहींचा आवाज टोलनाक्यावर एक असतो आणि मोकळ्या रस्त्यावर दुसरा. गाडी तीच, इंजिन तेच. मधल्या वेळात चालकाने फक्त एक बटण दाबलेले असते.

हे बटण नेमके काय उघडते, ते समजण्यासाठी आधी सायलेन्सर काय झाकतो ते पाहावे लागेल.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधन पेटते, दट्ट्या खाली ढकलला जातो आणि मग जळके वायू बाहेर जाण्यासाठी झडप उघडते. ती उघडते त्या क्षणीही आतला दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. तो एकदम मोकळा झाला की होणारा आवाज बंदुकीच्या बाराच्या जातीचा असतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर असे शंभर बार सेकंदाला होतात. आपल्याला ते सुटे ऐकू येत नाहीत. त्यांची एक सलग गर्जना होते. सायलेन्सर ही गर्जना दोन रीतींनी मोडतो. पहिल्या रीतीत डब्याच्या आत कप्पे आणि भोके पाडलेल्या नळ्या असतात. ध्वनिलहरी त्यांवर आदळून परततात आणि मागून येणाऱ्या लहरींना काट देतात. दुसऱ्या रीतीत भोकांच्या नळीभोवती काचेची लोकर गुंडाळलेली असते आणि ती ध्वनीची ऊर्जा उष्णतेच्या रूपात जिरवते. खर्जातल्या घरघरीसाठी कप्पे उपयोगी, वरच्या पट्टीतल्या किंचाळीसाठी लोकर. बहुतेक गाड्यांत दोन्हींचे मिश्रण असते.

या शांततेची किंमत इंजिन मोजते. वायूंना वळणे घ्यावी लागतात, त्यामुळे मागे दाब साचतो आणि तो ढकलण्यात थोडी शक्ती खर्च होते. या साचलेल्या दाबाभोवतीच पुढची सगळी कथा फिरते.

शब्दांचीही एक छोटी कथा आहे. अमेरिकेने या डब्याला ‘मफलर’ म्हटले, ब्रिटनने ‘सायलेन्सर’. मुंबई इलाख्यात मोटार ब्रिटिशांबरोबर आली, म्हणून मराठीतही सायलेन्सर रुळला. मफलर मात्र थंडीत गळ्याभोवती गुंडाळायचा कपडा म्हणूनच राहिला. दोन्ही नावांत फरक आहे तो दाव्याचा. मफलर म्हणजे आवाज गुंडाळून दाबणारा, सायलेन्सर म्हणजे शांत करणारा. प्रामाणिक नाव पहिलेच.

मोटारीच्या सायलेन्सरचे एक आरंभीचे पेटंट १८९७ सालचे आहे. ते अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, कोलंबस या गावी कप्प्यांचा व्यवसाय करणाऱ्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी घेतले. हे कप्पे म्हणजे पट्ट्यावर फिरणाऱ्या पुल्या. मिल्टनने आदल्या वर्षी एक मोटारगाडी तयार केली होती आणि तिच्या आवाजाने त्याचे त्यालाच नकोसे झाले होते. हा गृहस्थ पुढे १९११ साली आठ चाकांची मोटार घेऊन बाजारात उतरला. ती खपली नाही. सायलेन्सर मात्र जगभर पसरला.

तो पसरला तसा त्याला चुकवण्याचा मार्गही निघाला. इंजिनापासून निघालेल्या नळीला सायलेन्सरच्या आधी एक भोक पाडायचे, त्यावर झाकण बसवायचे आणि झाकणाला बांधलेली तार चालकाच्या पायाखालच्या खुंटीपर्यंत किंवा हाताजवळच्या दांडीपर्यंत आणायची. खुंटी दाबली की झाकण उघडते आणि वायू सायलेन्सरची वाट न धरता थेट बाहेर पडतात. हाच कटआउट. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कित्येक गाड्यांत तो कारखान्यातूनच येई; ज्यांत नसे त्यांच्यासाठी सुट्या भागांच्या सूचिपत्रांत तो विकत मिळे. गाडी घेतल्यावर नंतर बसवण्याच्या वस्तूंत त्याचा क्रमांक बराच वर होता. आज ज्याला ‘रेट्रोफिट’ म्हणतात तो उद्योग मोटारीइतकाच जुना आहे.

कटआउटचे समर्थन तीन कारणांनी केले जाई. एक, चढ. आठ-दहा अश्वशक्तीच्या इंजिनाला घाटात थोडाही भार हलका झालेला चालत असे. दोन, निदान. सायलेन्सर बाजूला केला की चालकाला प्रत्येक सिलिंडरचा बार वेगळा ऐकू येई आणि कोणता चुकतो ते कळे. ज्या काळात चालकच निम्मा मेकॅनिक होता, त्या काळात हे कारण खोटे नव्हते. तीन, इशारा. रस्त्यावरच्या माणसांना आणि जनावरांना गाडी येत असल्याचे कळावे.

यांतले पहिले कारण सारोळ्यापुढच्या रस्त्याला तंतोतंत लागू पडते. नीरा ओलांडली की शिरवळ, मग खंडाळा आणि त्यानंतर खंबाटकीचा चढ. पुण्याकडून येताना कात्रजचा घाट आधीच लागून गेलेला असतो. सह्याद्रीच्या बाहूंमधून जाणारा हा रस्ता म्हणजे कटआउटच्या जाहिरातदाराने स्वतःसाठी आखून घ्यावा असा. परंतु तिसरे कारण याच रस्त्यावर सर्वांत पोकळ ठरते. बैलगाडीच्या रस्त्यावर अचानक बंदुकीचे बार सुरू झाले, तर बैलाला इशारा मिळत नाही, तो उधळतो. युरोपात आणि अमेरिकेत घोड्यांचे हेच झाले. तिथल्या नगरपालिकांनी आणि सरकारांनी वस्तीत कटआउट उघडण्यावर बंदी घालायला सुरुवात केली, ती ध्वनिप्रदूषण नावाची कल्पना जन्मण्याच्या कितीतरी आधी. तक्रार सरळ होती: रस्ता सगळ्यांचा आहे आणि त्याचा आवाज एकाच्या पायाखाली आहे.

हिंदुस्थानात १९१४ च्या मोटार वाहन कायद्याने प्रांतिक सरकारांना वाहनांविषयी नियम करण्याचा अधिकार दिला. १९३९ चा कायदा आला, तो जवळजवळ अर्धशतक टिकला आणि १९८८ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. १ जुलै १९८९ रोजी हा नवा कायदा अमलात आला, त्याबरोबरच नवे केंद्रीय मोटार वाहन नियम आणि आरंभी सांगितलेले रस्त्याचे नियमही आले. सायलेन्सरची कायदेशीर व्याख्या केंद्रीय नियमांतल्या १२० व्या नियमात आहे. इंजिनातून वायू सुटताना होणारा आवाज प्रसरण-कक्षाने किंवा अन्य मार्गाने शक्य तितका कमी करणारे उपकरण, असा तिचा आशय. ‘शक्य तितका’ या दोन शब्दांवर एखाद्या वकिलाने सबंध दुपार काढावी.

गावाने आवाजाला हरवल्याची एक जुनी कथा इथे सांगण्यासारखी आहे. १९०७ साली लंडनच्या नैर्ऋत्येस वेब्रिज गावाजवळ ब्रुकलँड्स नावाची शर्यतीची काँक्रीटची धावपट्टी खुली झाली. मोटारींच्या शर्यतींसाठीच बांधलेली ही जगातली पहिली धावपट्टी. उद्घाटनानंतर थोड्याच दिवसांत एस. एफ. एज या चालकाने तिच्यावर सलग चोवीस तास गाडी चालवून विक्रम केला. रात्रभर चाललेल्या त्या गर्जनेने आसपासचे रहिवासी इतके वैतागले की पुढे ब्रुकलँड्सवर रात्रीची शर्यत झालीच नाही. १९२९ साली तिथे चोवीस तासांची शर्यत भरवायची ठरली, तेव्हा ती बारा-बारा तासांच्या दोन दिवसांत वाटावी लागली. मधल्या रात्री गाड्या कुलूपबंद असत. त्याआधी १९२० च्या दशकाच्या मध्यास रहिवाशांनी न्यायालयाचे दार ठोठावले आणि धावपट्टीवर धावणाऱ्या गाड्यांना ठरावीक मापाचा भला मोठा सायलेन्सर सक्तीचा झाला. शर्यतीच्या गाडीच्या कुशीला लटकणारे ते ‘ब्रुकलँड्स कॅन’ आज जुन्या गाड्यांचे शौकीन अभिमानाने बसवून घेतात. ज्या डब्याविरुद्ध त्या काळचे चालक कुरकुरले, तो आता शोभेचा दागिना झाला आहे.

वेब्रिजकरांचे भाग्य असे की त्यांच्यासमोर एक मालक होता आणि एक फाटक होते. महामार्गाला फाटक नसते आणि तिथून जाणारा प्रत्येक जण दोन मिनिटांत पुढच्या जिल्ह्यात गेलेला असतो.

दरम्यान कटआउट स्वतःहूनच मागे पडला. इंजिने मोठी झाली, सायलेन्सर सुधारले आणि घाटात त्या थोड्या शक्तीची गरज उरली नाही. शांत गाडी ही श्रीमंतीची खूण ठरली. रोल्स-रॉइसने १९०७ साली आपल्या एका गाडीला ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हणजे रुपेरी भूत हे नाव दिले, ते तिच्या निःशब्द चालीसाठी. आणि हिंदी संस्थानिकांनी अशा गाड्या हौसेने मागवल्या. राजाची गाडी आली हे लोकांना आवाजावरून कळू नये, यात तेव्हा प्रतिष्ठा होती.

नळीतली झडप परतली ती जपानमधून, आणि तीही दुचाकीवर बसून. १९८७ साली यामाहाने आपल्या ४०० सीसीच्या मोटारसायकलीच्या नळीत ‘एक्सअप’ नावाची झडप बसवली. इंजिनाच्या फेऱ्यांनुसार एक छोटी मोटर ती आपोआप कमी-अधिक उघडे. हेतू आवाजाचा नव्हता. नळीतून मागे परतणाऱ्या दाबलहरी ठरावीक वेगाला इंजिनाचा श्वास अडवतात. नळी अरुंद केली की ती अडचण कमी होते आणि मंद गतीतही इंजिन जोमाने ओढते. पुढे महागड्या मोटारींनी हीच कल्पना सायलेन्सरला लावली. फेरारीच्या १९९९ च्या ३६० मोडेनामध्ये वायूंना दोन वाटा होत्या: एक सायलेन्सरच्या कप्प्यांतून फिरणारी, दुसरी झडपेमागून जवळजवळ सरळ जाणारी. सावकाश जाताना झडप बंद, जोर लावला की उघडी. कटआउटची खुंटी चालकाच्या पायाखालून निघून संगणकाच्या हाती गेली होती.

ती तिथे फार काळ राहिली नाही. दोन हजारच्या दशकातल्या काही कॉर्व्हेट गाड्यांत झडप निर्वाताच्या ओढीने बंद होत असे आणि ओढ सुटली की स्प्रिंगने उघडी पडत असे. हे मालकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्यांनी त्या मंडलाचा फ्यूजच काढून ठेवायला सुरुवात केली. एक पैसा न खर्चता झडप कायमची उघडी! निर्मात्याने आवाजासाठी कितीही हुशार गणित मांडले, तरी ते उलगडायला एक मोकळी दुपार पुरते.

ज्यांच्या गाडीत कारखान्याची झडप नाही ते ती नंतर बसवून घेतात. रीत अवघड नाही. गाडी रॅम्पवर चढवून मागच्या सायलेन्सरजवळची नळी कापतात. तिथे दुशाखी जोड वेल्डिंग करून एका शाखेवर झडप बसवतात किंवा सबंध सायलेन्सरच बदलून आतच झडप असलेला दुसरा लावतात. झडप म्हणजे नळीच्या पोकळीत आसावर फिरणारी गोल चकती. आडवी झाली की वाट बंद, वायूच्या दिशेला समांतर झाली की मोकळी. ती फिरवण्याचे दोन मार्ग आहेत. एकात इंजिनाच्या हवा ओढण्याच्या मार्गातले निर्वात रबरी नळीने मागे आणून एका पडद्यावर कामाला लावतात. दुसऱ्यात १२ व्होल्टची छोटी मोटर असते आणि ती किल्लीला अडकवलेल्या रिमोटने किंवा मोबाइलवरून चालते. निर्वाताची रीत उष्णतेला अधिक टिकाऊ. मोटरची बसवायला सोपी, पण पावसाळ्यात गाडीखालच्या चिखलात तिच्या तारा सर्वांत आधी दगा देतात. नळीत जमणारे पाणी आणि काजळी यांनी चकतीचा आस जाम होतो, तो तर दोन्हींत.

या कामाचा परिणाम मालकाच्या अपेक्षेइतका सरळ नसतो. आजच्या टर्बो इंजिनात वायूंची मोठी अडवणूक टर्बोच्या पात्यांवर आणि उत्प्रेरक-कक्षात झालेली असते. शेवटच्या डब्यातल्या झडपेने मिळणारी शक्ती चालकाच्या लक्षात येण्याइतकी क्वचितच असते. मिळतो तो मुख्यतः आवाज. आणि तो आवाज दर वेळी हवा तसा असतोच असे नाही. चार सिलिंडरच्या गाडीत २००० फेऱ्यांच्या आसपास सेकंदाला सुमारे ६७ कंपनांचा खर्ज निघतो, तो बंद केबिनमध्ये घुमू लागतो आणि महामार्गावर तासभर त्यात बसलेल्याचे डोके जड होते. झडपेची खरी विक्री होते ती यामुळे. कायमचा मोठा आवाज मालकालाही सोसत नाही. त्याला तो हवा तेव्हा हवा असतो. गाडीत बसलेल्याला ही सोय मिळते. रस्त्याकडेच्या घरात बसलेल्याकडे असा रिमोट नसतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे आवाजाच्या नादात उत्प्रेरक-कक्षही काढून टाकणे. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हा कक्ष सक्तीचा झाला आणि पुढे तो देशभर सर्वसामान्य झाला. तो काढला की गाडी ओरडतेही आणि विषही ओकते. झडप बसवणे आणि हा कक्ष काढणे या दोन गोष्टी एका श्वासात बोलल्या जातात, तेव्हा त्यांतला फरक जाणूनच बोलावे.

आता कायद्याची मोजपट्टी. तिचे एक महत्त्वाचे ठिकाण सारोळ्याहून दूर नाही. १९६६ साली स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’, म्हणजे ‘एआरएआय’, ही पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. नवे वाहन बाजारात येण्याआधी त्याचा नमुना तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांपैकी ही एक. आवाजाच्या चाचणीत गाडीच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून ७.५ मीटर अंतरावर आणि जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर मायक्रोफोन लावतात. गाडी साधारण ताशी ५० किलोमीटर वेगाने येते, ठरलेल्या रेषेवर चालक ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतो आणि वीस मीटरच्या पट्ट्यात सर्वांत मोठा आवाज नोंदवला जातो. नऊपर्यंत आसनांच्या प्रवासी मोटारीला मर्यादा ७४ डेसिबल, १७५ सीसीवरच्या दुचाकीला ८०. डेसिबलची पट्टी लॉगरिदमची आहे. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि दहा वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. वरवर लहान दिसणारे आकडे म्हणूनच फसवे असतात.

या चाचणीतली फट झडपेला अचूक सापडते. वीस मीटर, एक वेग, एक क्षण. त्या क्षणी संगणकाने झडप मिटलेली ठेवली की गाडी उत्तीर्ण. नंतर तीच गाडी ताशी १०० च्या वेगाने पुलावर झडप उघडते, तेव्हा मायक्रोफोन तिथे नसतो. युरोपने ही फट बुजवण्याचा प्रयत्न २०१४ च्या नव्या ध्वनिनियमाने केला. तो २०१६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. झडपेच्या किंवा चालनपद्धतीच्या ज्या ज्या स्थिती चालकाला निवडता येतात, त्या सर्व स्थितींत गाडी नियमात बसली पाहिजे, आणि एका वेगाऐवजी वेगांच्या एका पट्ट्यात आवाजाचे वर्तन तपासले पाहिजे, असे त्याचे सूत्र आहे. त्यानंतर युरोपात नव्याने आलेल्या कित्येक वेगवान गाड्या पूर्वीच्या मानाने मवाळ बोलू लागल्या आणि त्यावर शौकिनांनी भरपूर अश्रू ढाळले.

नंतर बसवलेल्या झडपेच्या बाबतीत भारतीय कायदा कागदावर कठोर आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम २००० साली बदलले गेले. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये, असे ते सांगते. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला आणि निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफारांना वाव नाही, असे ठरवले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा परवानगीबाह्य ‘रेट्रोफिटिंग’साठी स्वतंत्र शिक्षाही आणली: सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. ध्वनी आणि धुराच्या मर्यादा मोडल्याबद्दल १९० वे कलम वेगळे. मात्र नंतर काहीही बसवणे हा सरसकट गुन्हा नाही. मान्यताप्राप्त सीएनजी संच बसवता येतो, कारण कायद्याने त्याच्यासाठी दार ठेवले आहे. सायलेन्सरसाठी तसे दार नाही.

प्रत्यक्षात कारवाई कोणावर होते? महाराष्ट्रातल्या कित्येक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवर रोड रोलर फिरवल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत येत असतात. ते सायलेन्सर बहुतेक वेळा बुलेटचे असतात. गल्लीतल्या मुलाने हजार-दोन हजारांत बसवलेला, फटाक्यासारखे बार काढणारा सायलेन्सर जप्त होतो. आणि व्हावाच, रुग्णालयासमोर तो बार काढण्यात कसलेही शौर्य नाही. पण कोट्यवधी रुपयांच्या परदेशी मोटारीत तेच काम करणारी झडप कारखान्यातून, प्रमाणपत्रासह येते. तिच्यावर रोलर फिरत नाही, फिरवता येतही नाही. कायद्यापुढे प्रश्न ‘किती आवाज झाला’ हा नसून ‘हा आवाज कोणी मंजूर केला’ हा आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या कटआउटबंदीत हा भेद नव्हता. तिथे खुंटी दाबणारा सरदार असो वा डॉक्टर, दाबली की दोषी. १९८९ च्या त्या विसरलेल्या कलमाचे म्हणूनच कौतुक वाटते. ते गाडीच्या कागदपत्रांकडे पाहत नव्हते. चालकाने त्या क्षणी काय केले एवढेच पाहत होते. फक्त ते सिद्ध करण्यासाठी त्या क्षणी कोणीतरी ऐकत असावे लागे.

फ्रान्सने हा ऐकणारा यंत्राच्या रूपात उभा करून पाहिला. पॅरिसच्या परिसरातला गोंगाट मोजणाऱ्या ‘ब्रुईपारिफ’ या संस्थेने मायक्रोफोन आणि कॅमेरे एकत्र असलेले ‘मेड्यूस’ नावाचे यंत्र तयार केले. अनेक गाड्यांतून नेमकी कोणती ओरडली, ते आवाजाच्या दिशेवरून ते दाखवते. २०२२ च्या जानेवारीत आवाजाच्या रडारची चाचणी सुरू झाली ती पॅरिसमध्ये नव्हे, तर त्याच्या नैर्ऋत्येच्या शव्हरूझ खोऱ्यातल्या सँ-लाँबेर-दे-ब्वा या छोट्या गावात. ते गाव निवडण्याचे कारण सारोळेकरांना समजावून सांगावे लागणार नाही: सुट्टीच्या दिवशी वळणावळणाच्या रस्त्याची मजा घ्यायला राजधानीतून निघालेल्या दुचाकी आणि मोटारी त्या गावातून जातात.

या सगळ्यात नळीच नसलेली गाडी आता रस्त्यावर आली आहे. विजेची मोटार सावकाश चालताना इतकी शांत असते की पादचाऱ्याला, विशेषतः दृष्टिहीनाला, ती आल्याचे कळत नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांत अशा गाडीला बाहेर ऐकू जाईल असा कृत्रिम आवाज काढणारे यंत्र आले आणि युरोपात २०१९ च्या जुलैपासून नव्या प्रकारच्या गाड्यांना ते सक्तीचे झाले. ताशी २० किलोमीटर वेगाला हा आवाज किमान ५६ डेसिबल असावा लागतो. त्याला वरची मर्यादाही आहे, ७५ डेसिबल. कटआउटवाले जे तिसरे कारण पुढे करत, रस्त्यावरच्या माणसाला गाडी येत असल्याचे कळावे हे, ते अखेर कायद्यात आले. फरक इतकाच की या वेळी किती आणि केव्हा, हे ठरवणारी खुंटी चालकाच्या पायाखाली ठेवलेली नाही.